ताईची सात वाक्यं

डॉक्टरांनी सगळं नीट समजावून सांगितलं. कागदावर गळ्याचं चित्र काढलं, स्वरयंत्र कुठे असतं ते दाखवलं, गाठ जिथे बसली होती तिथे पेनाने गोल केला. म्हणाले, स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल, श्वासासाठी गळ्याला खाली भोक राहील, खाता-पिता येईल, जगता येईल, बोलता मात्र येणार नाही. तीन आठवड्यांनंतरच्या गुरुवारची तारीख दिली. बाई आता रडेल म्हणून टेबलावरचा कागदी रुमालांचा डबाही पुढे सरकवला. ताई रडली नाही. तिने विचारलं, "सात वाक्यांपुरता तरी ठेवता येईल का हो आवाज? दिवसाला सातच लागतात मला."

डॉक्टरांना वाटलं, धक्क्याने बाईचं डोकं फिरलं.

डोकं अगदी ठिकाणावर होतं. तिचं घरच त्या सात वाक्यांवर चालत होतं, हे डॉक्टरांना कुणी सांगितलं नव्हतं एवढंच. ताई छप्पन्न वर्षांची. गेली तीस वर्षं एका मोठ्या लॉन्ड्रीत काउंटरवर. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे अंगरखे, ऑफिसवाल्यांचे कोट, सगळं तिच्या हाताखालून आत जायचं आणि तिच्याच हाताखालून बाहेर पडायचं. तिथे तिला सगळेच ताई म्हणत, तिच्याहून सात वर्षांनी मोठा इस्त्रीवालासुद्धा. आई लहानपणीच गेलेली, बाप जाऊन वीस वर्षं झालेली. घरात माणसं दोनच, ती आणि तिचा धाकटा भाऊ.

भाऊ एकोणपन्नासचा, टक्कल पडलेला. लॉन्ड्रीवाल्यांनी त्याचं नाव बंधुराज ठेवलं होतं, कारण थाटच तसा. कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही, कुणी हाक मारली तर उत्तर नाही, आपल्या खुर्चीवर दुसरा बसला तर ती रिकामी होईपर्यंत शेजारी खांबासारखं उभं राहायचं. त्याचं काम ढीग लावायचं. लॉन्ड्रीत येणाऱ्या प्रत्येक कपड्याला नंबराची कापडी चिठ्ठी टाचतात. कपडे धुऊन निघाले की त्या नंबरांप्रमाणे ते वेगळे करायचे. चारशे कपड्यांत एक मोजा चुकीच्या ढिगात गेला तरी बंधुराज खोलीच्या दुसऱ्या टोकाहून येऊन तो नेमका उपसून काढायचा. मालक मोठा खडूस, कुणाचं कौतुक करायचं तर त्याच्या जिभेला फोड येत. पण तोही म्हणायचा, "हा आहे म्हणून माझ्याकडे कुणाचा मोजा हरवत नाही."

मग असा कामाचा गडी, त्याला वाक्यं कशाला लागतात? सांगते. बंधुराजाला करता सगळं यायचं, सुरू काहीच करता यायचं नाही. सकाळी जाग यायची, डोळे टक्क उघडे, आणि तसाच पडून. भूक लागलेली असो, लघवीला लागलेली असो, पडून. मग ताई दारात उभी राहून म्हणायची, "उठ रे बाळा, सहा वाजले, आज काही वेगळं नाही." की स्वारी ताडकन उभी! पुढे न्हाणीपाशी एक वाक्य, ताटापाशी एक, बुटांपाशी एक. असं करत निजेपर्यंत सात. शब्द ठरलेले, आवाज ठरलेला. एकदा ताई घाईत 'जेव' म्हणायच्या ऐवजी 'खा' म्हणाली. दीड तास ताट तसंच, आणि ताटासमोर हा तसाच. दुसऱ्या कुणी म्हटलेलं चालायचं नाही. इस्त्रीवाल्याने एकदा गंमत म्हणून ताईचा आवाज काढून बघितला. बंधुराजाने कानांवर हात दाबले, लॉन्ड्री पोट धरून हसली, आणि ताईने इस्त्रीवाल्याची अशी खरडपट्टी काढली की त्याने कानाला खडा लावला.

लहानपणी त्याला डॉक्टरांनी मंद म्हटलं, शेजाऱ्यांनी खुळा म्हटलं. ऑटिझम हा शब्द ताईच्या कानावर पडला तेव्हा तो त्रेचाळीसचा होता. अशा मुलांना शिकवणारी एक बाई शाळेचे पडदे धुवायला घेऊन आली होती. ती बराच वेळ आत बंधुराजाकडे बघत राहिली आणि मग काउंटरवर वाकून हळूच म्हणाली, "एक विचारू का? राग नका मानू." ताईला वाटलं, मागच्या खेपेचे पडदे आटले असणार. पण बाई भावाबद्दल बोलली. म्हणाली, हा आळस नाही, हट्ट नाही. गाडी ठणठणीत आहे, स्टार्टर तेवढा बाहेरून मारावा लागतो. म्हणाली, "लोक म्हणत असतील, याला कळतही नाही आणि वळतही नाही. कळतं हो सगळं. वळायलाच अडतं." ताईने मान हलवली. पण खरं सांगायचं तर त्यातलं 'कळतं हो सगळं' तिने मनापासून घेतलं नाही. मायेने केलं सगळं, चाळीस वर्षं केलं, तरी मनाच्या तळाशी तिचीही तीच समजूत होती जी शेजाऱ्यांची. हा बिचारा आहे, आणि याला काही कळत नाही.

तर तीन आठवडे होते, आणि त्या वेळात सात वाक्यांना पर्याय शोधायचा होता. नाही मिळाला तर काय, हे ताईला लख्ख दिसत होतं. हा पलंगावर उघड्या डोळ्यांनी पडून राहील, उपाशी, ओल्या चादरीवर, आणि ती समोर मुकी उभी असेल.

शाळेतली बाई धावून आली. म्हणाली, वाक्यांऐवजी चित्रांची किंवा अक्षरांची कार्डं दाखवा. ताईच्या हाताशी कापडी चिठ्ठ्यांचं भेंडोळं. तिने त्यांवरच 'ऊठ', 'जेव', 'बूट' असं लिहिलं आणि एकेक त्याच्या हातात द्यायला लागली. बंधुराजाने चिठ्ठ्या घेतल्या, दोन्ही बाजूंनी बघितल्या आणि इमानदारीत कपड्यांना टाचल्या. चिठ्ठी कशासाठी असते हे त्याला चांगलं ठाऊक होतं ना! एका वकिलाचा काळा कोट मागे 'जेव' लावून कोर्टात जाऊन आला. मालकाने ताईला आत बोलावून झाप झाप झापलं, आणि बाहेर आल्यावर ती आणि इस्त्रीवाला डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. हसता हसता ताईचं रडं कधी सुरू झालं ते दोघांनाही कळलं नाही.

मग फोन. इस्त्रीवाल्याने आपल्या जुन्या फोनमध्ये ताईच्या आवाजात सातही वाक्यं भरून घेतली. सकाळी सहाला ताई दारात तोंड मिटून उभी राहिली आणि फोन बोलला. बंधुराजाने फोनकडे बघितलं, ताईच्या मिटलेल्या तोंडाकडे बघितलं, पुन्हा फोनकडे. मग त्याच्या अंगाला असा थरकाप सुटला की ताईने घाबरून स्वतःच वाक्य म्हटलं. तो उठला, त्याने फोन उचलला आणि साबणाच्या बादलीत घातला. जी वस्तू जागेवर नाही ती धुवायला, हा त्याचा कायदा.

राहता राहिलं दवाखान्यातलं यंत्र. गळ्याला बाहेरून लावायचं, बटण दाबायचं आणि ओठ हलवायचे, म्हणजे घरघरत का होईना, शब्द निघतात. तिथल्या मुलीने ते स्वतःच्या गळ्याला लावून "नमस्कार" म्हटलं. आवाज म्हणाल तर माशी डबीत कोंडल्यासारखा. बंधुराजाने दोन्ही मुठींनी आपल्या कानशिलांवर ठोसे मारायला सुरुवात केली, आणि तिघांनी धरूनही थांबेना. झालं, तेही संपलं.

त्या संध्याकाळी ताई इस्त्रीच्या टेबलापाशी येऊन म्हणाली, "नाही करत मी ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, न केल्यास वर्षभर काढाल. वर्षभर बोलते. सात गुणिले तीनशे पासष्ट."

इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी केली. "आणि मग? मेल्यावर येणार आहेस का दारात उभी राहून उठवायला? भूत झालीस तरी सहाला उठायचा कंटाळाच करशील."

"चेष्टा सुचतेय तुम्हाला."

"चेष्टा नाही. मला बायको गेल्यावर कुणी उठवत नाही, तरी उठतोच ना मी? पोहायला शिकवायचं तर पाण्यात ढकलावं लागतं, ताई. एक दिवस गप्प राहून तर बघ. उठेल झक मारत."

माणूस वाईट नव्हता, पण सल्ला त्याचा आणि चूक ताईची. रविवार सुट्टीचा. ताईने शनिवारी रात्रीच ठरवलं, उद्या काही झालं तरी तोंडाला कुलूप. बंधुराजाला काही सांगितलं नाही. सांगून काय कळणार आहे त्याला!

सहाला ती दारात उभी राहिली. तो डोळे उघडून वाट बघत होता. तिने हाताने खूण केली. काही नाही. खांदा थोपटला, तो आक्रसला. सात वाजले, आठ वाजले. नऊच्या सुमाराला चादर ओली झाली. ताईचा जीव तिळतिळ तुटत होता, पण तिने दातांखाली ओठ धरला, न बोलता चादर ओढून घेतली, न बोलता दुसरी घातली. आणि दहाला बंधुराज उठला. आपला आपण! ताईला वाटलं, नाचावं. जमलं, जमलं की! तिने देवाचे, इस्त्रीवाल्याचे, सगळ्यांचे आभार मानून घेतले मनातल्या मनात.

बंधुराज न्हाणीवरून पुढे गेला. ताटावरून पुढे गेला. बाहेरच्या खोलीत दाराच्या डाव्या हाताला कोपरा आहे, तिथली खुर्ची त्याने दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवली. मग भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, नाक भिंतीपासून तीन बोटांवर, हात पाठीमागे एकमेकांत अडकवलेले. आणि कुजबुजल्यासारखं सुरू झालं, "चुकलं. चुकलं. चुकलं."

ताई मटकन खाली बसली. ते उभं राहणं तिने बघितलेलं होतं.

बाप गोदामात कारकून होता. हात उचलायचा नाही, शिवी द्यायचा नाही, सगळी गल्ली त्याला सज्जन म्हणायची. पोरगा आरडाओरडा करायचा, कपडे फाडायचा, पाहुण्यांसमोर लोळण घ्यायचा, आणि बाप नुसतं बोट करायचा. कोपरा. भिंतीकडे तोंड. आणि त्या दिवसापासून अबोला. आठ दिवस, पंधरा दिवस. एकदा नात्यातल्या लग्नात पोराने कान झाकून किंकाळ्या फोडल्या, त्यानंतर बाप त्याच्याशी तीन महिने एक अक्षर बोलला नाही. पोरगा नऊ वर्षांचा. ताई सोळा वर्षांची. तिने धीर करून विचारलंही होतं, "बाबा, त्याच्याशी बोला ना." बाप पेपरातून मान वर न करता म्हणाला, "त्याला काय फरक पडतो? भिंतीशी बोलणं आणि त्याच्याशी बोलणं सारखंच." ताईने ते खरं मानलं. खरं मानणं सोयीचं होतं हो. फरक पडतो म्हटलं असतं तर बापाशी भांडावं लागलं असतं.

आता ते घर नाही, तो बाप नाही. चाळीस वर्षं गेली. पण कोपरा त्याने तसाच निवडला, दाराच्या डाव्या हाताचा.

ऑटिझमला आपल्याकडे स्वमग्नता म्हणतात. कुणी शोधून काढला हा शब्द देव जाणे! स्वतःत मग्न? ज्याच्या काळजात दुसऱ्याचा अबोला चाळीस वर्षं सलतो, तो स्वतःत मग्न? मग्न होतो ते आपण. तो बाप होता, ती गल्ली होती, आणि हो, ताईसुद्धा होती. हे मी नाही म्हणत, तीच त्या दिवशी जमिनीवर बसून स्वतःला म्हणाली, याहून वाईट शब्दांत.

"नाही रे बाळा, तू नाही चुकलास," ती म्हणाली. पण हे वाक्य त्या सातांतलं नव्हतं. तो वळला नाही. ती पुन्हा म्हणाली, पुन्हा म्हणाली, घशात काटे टोचत होते तरी म्हणत राहिली. चार वाजता त्याचे पाठीमागचे हात सुटले. तोवर ताईच्या आवाजाचा नुसता चोथा उरला होता.

शाळेतल्या बाईने हे ऐकलं आणि डोक्याला हात लावला. "अहो, हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, त्याला कळलंच नव्हतं."

"ताई, त्याला फसवू नका. जे होणार ते आधी सांगा. सरळ सांगा, थोडक्यात सांगा, रोज त्याच वेळी, त्याच शब्दांत. तो ऐकतोय असं दिसलं नाही तरी सांगा."

मग रोज जेवण झाल्यावर ताई सांगायला लागली. "गुरुवारी माझा आवाज जाईल. मी रागावले नाही. तू चुकला नाहीस." नऊ दिवस सांगितलं. बंधुराज पाण्याचा पेला टेबलाच्या कडेला समांतर लावत बसायचा. चेहऱ्यावर रेघ हलायची नाही. बुधवारी मात्र, ती शेवटचं सांगत होती तेव्हा त्याने पेला सोडला, उजव्या हाताची दोन बोटं पुढे केली आणि तिच्या गळ्यावर ठेवली. कुणाला हात न लावणारा माणूस! ताई थांबली तशी बोटांनी हलकेच दाबलं. ती पुन्हा बोलली. तिने सातही वाक्यं म्हटली, एकामागून एक, सकाळपासून निजेपर्यंतची. थांबली की बोटं दाबायची. ती घोगऱ्या आवाजात तासभर तीच सात वाक्यं म्हणत राहिली, आणि तिला वाटलं, काही झालं तरी हे वाया जाणार नाही.

दवाखान्यात चौदा दिवस गेले. इस्त्रीवाला तिच्या घरी राहायला आला होता. रोज दुपारी भेटायला यायचा, आणि ताई वहीवर लिहायची, "जेवतो ना?" तो म्हणायचा, "जेवतो, जेवतो, घास मोजून सांगू का?" पण माणसाला खोटं बोलता येत नव्हतं, कान लाल व्हायचे. सहाव्या दिवशी ताईने लिहिलं, "कोपरा?" इस्त्रीवाला खिडकीबाहेर बघत म्हणाला, "ताई, मी गाढव आहे. पाण्यात ढकला म्हणालो." ती त्याचं सांत्वन तरी कशाने करणार? वहीवर काही लिहिलं आणि खोडलं.

घरी आली तेव्हा बंधुराज कोपऱ्यात होता. विजार घसरते म्हणून कमरेला दोरी बांधलेली. पाठीची हाडं शर्टातून मोजता येतील अशी. पलंगाशेजारी कुणी नसताना ब्रेडचे तुकडे ठेवले तर तो तेवढे खायचा, म्हणून जिवंत. ताई मागे जाऊन उभी राहिली. तिने ओठ हलवले. गळ्यावरच्या कापडाखालून नुसती हवा फुसफुसली.

तिने मोठ्या कागदावर ठळक अक्षरात लिहिलं, "तू चुकला नाहीस," आणि त्याच्या नाकासमोर भिंतीला टाचणीने लावलं. आता तर बघेलच ना! त्याने बघितलं. कागद किंचित तिरका होता. त्याने टाचणी काढली, कागद सरळ केला, टाचणी परत लावली, आणि हात पाठीमागे बांधले. "चुकलं. चुकलं."

असे चार दिवस. मालक एकदा डोकावून गेला आणि दारातच म्हणाला, "एखादी संस्था बघा आता, ताई. तुमच्यानं नाही होणार." वाईट हेतूने म्हणाला नाही. ताईला त्याचा राग आला नाही, हेच तिला भयंकर वाटलं. तिला वाटायला लागलं, ऑपरेशन करून आपण चूक केली. त्या वर्षभरात तो रोज उठला असता, जेवला असता, मोजे जुळवले असते. जीव वाचवला तो कुणासाठी? मी जगले आणि याला भिंतीशी उभं करून ठेवलं. बापाने तरी तीन महिन्यांनी सोडलं होतं.

पाचव्या दिवशी सहाला ती सवयीने दारात उभी राहिली. तो डोळे उघडे ठेवून पडला होता. तिने ओठ हलवले, सगळं वाक्य, शेवटपर्यंत. मग स्वयंपाकघरात जाऊन टेबलाशी बसली आणि हातांत तोंड लपवलं. बस्स झालं, असं तिच्या मनात आलं. आता नाही होत.

आणि तिला तिचाच आवाज ऐकू आला.

"उठ रे बाळा, सहा वाजले, आज काही वेगळं नाही."

घोगरा नव्हे, गाठीचा नव्हे. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा, स्वच्छ, 'बाळा'वर थोडा वर जाणारा. पलंग करकरला. पावलं न्हाणीपर्यंत आली. "आधी तोंड, मग दात, पाणी कोमट आहे." नळ सुटला. ताईने टेबलाची कड घट्ट धरली. बंधुराज आत आला, आपल्या जागेवर बसला, तिच्याकडे न बघता तिच्या आवाजात म्हणाला, "जेव सावकाश, कुणी मागे लागलं नाही." आणि जेवायला लागला. ब्रेड संपवला, उकडलेली दोन अंडी संपवली, दूध प्यायला. ताई रडत होती. रडण्याला आता आवाज नव्हता, पण डोळे होते ना! वाचलो, तिला वाटलं, आम्ही दोघंही वाचलो. माझा आवाज कुठे गेलाच नव्हता, याने सगळा ठेवलाय.

त्याने पेला ताटाला समांतर लावला. आणि त्याच आवाजात, त्याच शांतपणे पुढचं वाक्य म्हणाला.

"तू नसतास तर माझंही काही झालं असतं. मर एकदाचा, सुटू दे मला."

सत्तावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. ताईला मागणी आली होती. माणूस चांगला होता, शिंप्याचं दुकान होतं त्याचं, दोनदा घरी येऊन चहा घेऊन गेला होता. तिसऱ्यांदा आला तेव्हा बंधुराज पेल्यांच्या जागा बदलल्या म्हणून जमिनीवर डोकं आपटत होता. तो माणूस चौथ्यांदा आला नाही. त्या संध्याकाळी ताई भांडी घासता घासता हे बोलली होती. भिंतीकडे तोंड करून, भांड्यांना उद्देशून, एकदाच, आयुष्यात फक्त एकदा. बंधुराज मागे टेबलाशी बसला होता. पाच मिनिटांनी तिनेच डोळे पुसून त्याला वाढलं, आणि तो जेवला. काही कळलं नाही त्याला, असं तिला वाटलं होतं. आणि ज्या तोंडाने हे म्हटलं त्याच तोंडाचं "उठ रे बाळा" ऐकून तो सत्तावीस वर्षं रोज सकाळी उठत होता.

तिला फार काही म्हणायचं नव्हतं. तसं नव्हतं रे मनात, एवढंच. चार-पाच शब्द. तिने तोंड उघडलं. गळ्यावरचं कापड फडफडलं, आत गेलं, बाहेर आलं. तिने वही ओढली. कसंबसं लिहून तिने वही त्याच्यापुढे धरली. त्याने ती घेतली, मिटली आणि टेबलाच्या कडेला समांतर ठेवली.

मग तो उठून दारापाशी गेला, बुटांपाशीचं वाक्य म्हणून त्याने बूट घातले, दार उघडून धरलं आणि तिच्या आवाजात म्हणाला, "चल, उशीर होतोय." ताईला अजून महिनाभर रजा होती. डॉक्टरांनी बाहेर फिरू नका म्हणून सांगितलं होतं. तिने गळ्याला ओढणी गुंडाळली आणि निघाली. बंधुराज पुढे, ती एक पाऊल मागे. रस्ताभर तो बोलत होता. तिची चाळीस वर्षांतली वाक्यं, लाडाची, रागाची, तापात कपाळावर पट्टी ठेवतानाची, पोळलं होतं तेव्हाची, सगळी एका माळेत, सगळी एकाच सुरात. लॉन्ड्री येईपर्यंत ते एक वाक्य आणखी दोनदा आलं, आणि दोन्ही वेळा त्याने ते "जेव सावकाश" म्हणावं तितक्याच मायेने म्हटलं.